आईला भेटायचे शनिवार

शनिवारी भोरला जायचं असलं की शुक्रवारी संध्याकाळपासूनच मी छबूआत्याला चिकटून असायचे. ती चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि मी तिच्या पाठीला टेकून, तिच्या हातांचा थपथप आवाज पाठीतून ऐकत बसायचे. तिचं काम त्यानं अडायचं, पण ती मला उठवायची नाही. तिलाही ठाऊक असायचं, की उद्या पप्पा मला दुधाच्या टेम्पोत बसवून भोरला नेणार आणि तिथल्या एका खोलीत मला माझ्या आईसोबत बसावं लागणार. वर्गातल्या पोरींना आई दिसली नाही की रडू यायचं. मला ती दिसणार म्हणून यायचं.

आमचं घर भोंगवलीत वस्तीच्या अगदी कडेला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आतल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा एकाच चौकटीतला फोटो, त्याखाली आत्यानं ठेवलेली मेणबत्ती. पहाटे पप्पा टेम्पोत दुधाचे कॅन चढवायचे, त्यांच्या खणखणाटानं मला जाग यायची, आणि टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला की घर एकदम गप्प व्हायचं. मग आत्या मला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची, वर गुळाचा खडा. आत्या पप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली ती वर्षभरात परत आली, आणि पुढं मला वाढवायचं काम तिच्यावरच आलं. ती हे काम मन लावून करायची. केस इतके ताणून बांधायची की माझे डोळे तिरपे व्हायचे. मागचं दार मात्र ती उघडू द्यायची नाही, आणि मलाही ते उघडायला नको असायचं. दाराच्या मागं लगेच दुसऱ्याचा ऊस होता. वारा सुटला की तो सळसळायचा, आणि मी पांघरूण कानावर ओढून घ्यायचे.

त्या उसाची भीती का, ते आधी सांगायला हवं. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. तो आठ दिवसही जगला नाही. त्यानंतर आई झोपेनाशी झाली. घराबाहेर माणसं उभी आहेत, ती माझ्या सुजीलाही, म्हणजे मलाही, न्यायला आलीत, असं ती सांगायला लागली. घरच्यांना वाटलं, दुःखानं बोलते आहे, होईल शांत. एका दुपारी आत्या दळणाला गेली असताना आई मला उचलून त्या उसात शिरली. मी चार वर्षांची होते. त्यातलं फारच थोडं मला आठवतं. पानांनी कापलेले हात आठवतात, मातीचा ओला वास आठवतो, आणि आईचा तळहात आठवतो. लोक हाका मारत बांधावरून जायचे तेव्हा तो माझ्या तोंडावर घट्ट बसायचा. नाकावरही. मी तडफडले की तो आणखी घट्ट व्हायचा आणि ती माझ्या कानात म्हणायची, "गप, माज्या सोन्या, गप, त्येस्नी कळंल." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सापडलो. माझे ओठ निळे पडले होते, असं आत्या सांगायची. ती हे पुष्कळांना सांगायची, माझ्यादेखत.

आईला तिच्या भावानं, दिगूमामानं, आधी पुण्याच्या दवाखान्यात आणि मग वेल्ह्याला आपल्या घरी नेलं. पप्पांनी मला ठेवून घेतलं. पुढं कोर्टकचेरी झाली, त्यातलं मला कुणी काही सांगितलं नाही. एवढंच कळलं, की औषधांनी बरी झालेल्या आईनं 'मला माझी पोरगी बघायला मिळू द्या' असा अर्ज केला, आणि कोर्टानं सांगितलं, भेटू द्या, पण कुणीतरी समोर बसलेलं असलं पाहिजे. भोरच्या बाजारपेठेत बायकांची एक संस्था होती. ती अशा भेटी घडवून आणायची, आणि त्याचे पैसे घ्यायची नाही. "फुकट हाय म्हनून येती," आत्या म्हणायची. आज मला वाटतं, फुकट होतं म्हणूनच ती येऊ शकली. मामाच्या खाचरात राबणारी, भावजयीच्या हाताखाली राहणारी बाई आणखी कशाच्या जोरावर आली असती?

ती खोली एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. एरवी तिथं शिवणक्लास चालायचा. भिंतीला लागून शिलाई मशिनी कापडानं झाकून ठेवलेल्या असायच्या, फरशीवर रंगीत चिंध्या आणि कधीकधी टाचण्याही पडलेल्या असायच्या. एका कोपऱ्यात सतरंजी, कॅरमबोर्ड आणि अर्धी भांडी हरवलेली भातुकली. भेटीवर लक्ष ठेवायला वैशालीताई असायच्या. उंच, जाड भिंगांचा चष्मा, आवाज जरासा घोगरा. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, मी इथंच बसणार आहे, दाराजवळ. भेट संपेपर्यंत मी उठून कुठंही जाणार नाही. तुला थांबायचं नसेल तर नुसतं माझ्याकडं बघ. बोलायचीसुद्धा गरज नाही." मी मान हलवली. माझ्या हाताला इतका घाम आला होता, की त्यांच्या बोटातून माझं बोट निसटत होतं.

माझ्या डोक्यातली आई फार मोठी होती. दारातून आली ती ठेंगणी, काळीसावळी, किडकिडीत बाई. तिनं चपला बाहेर काढल्या, आत आली आणि माझ्यापासून लांब, पार समोरच्या भिंतीला टेकून बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, तळवे वर करून. मी फक्त त्या हातांकडं बघत होते. ते जरा हलले तरी माझा श्वास अडकायचा.

"लई उंच झालीस," ती म्हणाली.

मी सतरंजीची कड मुठीत धरली.

"साळंत जातीस का?"

मी ताईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "थांबायचं का आज?" मी पुन्हा त्या हातांकडं बघायला लागले. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. बसू द्या तिला. मी बोलत न्हाई." आणि खरंच ती बोलली नाही. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. खाली बाजारात कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. निघताना तिनं डब्यातून तांदळाच्या भाकरी काढून पुढं सरकवल्या. पांढऱ्याशुभ्र, पापडासारख्या पातळ, त्यात सुक्या बोंबलाची चटणी. आत्यानं बजावलं होतं, तिनं दिलेलं तोंडात घालायचं नाही. मी हात मागं घेतले. आईनं एक तुकडा स्वतः खाल्ला, एक ताईंना दिला, आणि उरलेलं गुंडाळून परत डब्यात ठेवलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही. माझी नजर हातांवरच होती.

असे कितीतरी शनिवार गेले. ती कायम समोरच्या भिंतीलाच बसायची. हळूहळू ती वेल्ह्याच्या गोष्टी सांगायला लागली. तोरणा ढगात गेला की मामा सकाळचं तोंडसुद्धा न धुता बसून राहतो. मामाची एक म्हैस आहे, ती रोज संध्याकाळी स्वतःच्या गोठ्यात न जाता शेजाऱ्याच्या गोठ्यात जाते, आणि मग दोन्ही घरच्या बायका तिला दोन्हीकडून ओढतात. "आनि म्हस मदीच बसती," आई म्हणाली, "म्हनती, तुमचं मिटंस्तवर म्या हितंच." मला हसू आलं. हसल्याचा आवाज ऐकून मीच दचकले. आम्ही कॅरम खेळायला लागलो. मधे बोर्ड असला की मला बरं वाटायचं, तिचे हात कुठं आहेत ते दिसायचं. एकदा मी तिच्या भाकरीचा तुकडाही खाल्ला, आणि घरी येईपर्यंत आता पोटात दुखायला लागेल म्हणून पोट दाबून बसले. काहीही झालं नाही. पण भीती गेली असं मात्र कुणी समजू नये. ती उठून उभी राहिली, तिनं पदर नीट केला, नुसती शिंकली तरी माझे खांदे वर जायचे. ते तिला दिसायचं. मग ती प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायला लागली. "मी आता पानी प्यायला उठती बरं का."

भातकाढणीच्या दिवसांतल्या एका शनिवारी ती उशिरा आली. मला तिची पावलं जिन्यावर ऐकू आली तेव्हाच काहीतरी निराळं वाटलं. एरवी ती एकेक पायरी जपून चढायची, त्या दिवशी धडधडत आली. केस सुटलेले होते, त्यांत भाताचं कुसळ अडकलेलं होतं. चपला न काढताच ती आत आली आणि भिंतीकडं न जाता सरळ माझ्या सतरंजीवर, माझ्या शेजारी बसली. इतकी जवळ ती कधीच बसली नव्हती. तिच्या अंगातून ताप आल्यासारखी धग येत होती.

"सुजे," ती हळूच म्हणाली, "खाली कोन उभं हाय?"

"पप्पा. टेम्पोपाशी."

"आनि त्येंच्या मागं?"

मी खिडकीतून बघितलं. पप्पांच्या मागं रस्ता होता, केळ्यांची गाडी होती, बस्स. "कुनी न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"हाय," ती म्हणाली. "सकाळपास्नं मागं लागल्यात. नसरापुरात गाडी बदलली तर त्या गाडीत पन व्हते." आणि तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. तिचे डोळे मी नीट बघितले, आणि ओळखले. ताईंकडं नुसतं बघायचं, एवढंच मला करायचं होतं, पण मानच वळेना. खोलीत वारा नव्हता, तरी मला पानांची सळसळ ऐकू येत होती. आईचा उजवा हात सतरंजीवरून उचलला गेला. माझ्याकडं येताना मी तो बघितला.

तो मधेच थांबला. आईनं तो आपल्या डाव्या हातानं धरला, मनगटाशी, जसं कुणी दुसऱ्याचा हात धरावा तसा. ती उठली आणि मागं मागं जात राहिली. तिची पाठ शिलाई मशिनीवर आदळली, मशीन हलली, तरी ती मागं रेटतच होती.

"ताई," ती म्हणाली, "पोरीला घ्या."

ताई एव्हाना उठून अर्ध्या वाटेत आल्या होत्या.

"माज्यापास्नं लांब न्या तिला. मला आज बरं न्हाई. मला मानसं दिसाया लागलीत. न्हाईत ती, मला ठावं हाय न्हाईत, पन दिसत्यात." तिचे दात वाजत होते. "दार बाहेरनं लावून घ्या. दिगूला फोन करा. पोरीला आदी न्या, ताई, बगत काय ऱ्हायलाय!"

ताईंनी मला काखेत उचललं आणि बाहेर जिन्यावर आणलं. दार लोटलं जात असताना आतून आईचा आवाज आला, "सुजे, पळू नगंस. कठडा धरून उतर. पाय घसरंल."

मी कठडा धरून उतरले. एवढी थरथरत असताना एकेक पायरी मोजूनमापून उतरले, कारण तिनं सांगितलं होतं. पप्पांनी मला बघितलं आणि ते जिन्याकडं धावले. ताई वरून खाली आल्या, दोघं जिन्याच्या तोंडाशीच भेटले.

"काय केलं हिला तिनं?"

"काही नाही केलं," ताई म्हणाल्या. "हातसुद्धा लावला नाही. तिनंच मला सांगितलं, मुलीला लांब न्या म्हणून."

पप्पा वर बघत राहिले. वरून रडण्याचा आवाज येत होता, तोंड दाबून रडल्यासारखा. ताईंच्या संस्थेतली दुसरी एक बाई तिच्याजवळ जाऊन बसली. दिगूमामा जीप घेऊन येईपर्यंत पप्पांनी टेम्पो हलवला नाही. दुधाचे रिकामे कॅन उन्हात तापत होते. मामानं तिला खाली आणलं तेव्हा तिनं डोक्यावरून तोंडापर्यंत पदर ओढला होता. मी त्या बाजूला आहे हे तिला माहीत होतं, आणि मला तिचा चेहरा दिसू नये म्हणून ती मान दुसरीकडं वळवून जीपमध्ये चढली. जीप पुण्याच्या वाटेनं गेली.

घरी आल्यावर आत्यानं मला चाचपून बघितलं. हात, मान, तोंड. "मी सांगत व्हते," ती पप्पांना म्हणाली. "आता उद्याच वकिलाला भेट. बंद करून टाक ह्या भेटी. पोरगी मरायची एखाद दिवशी."

पप्पा पडवीत बसले होते. ते कमी बोलणारे. त्यांनी मला जवळ घेतलं. "खरं सांग. तिनं तुला हात लावला?"

"न्हाई. लावनार व्हती, मग तिनंच तिचा हात धरला. आनि लांब गेली. मला म्हनली, कठडा धरून उतर."

आत्याचा हात माझ्या केसांवर होता, तो तिथंच राहिला. "तसल्या येळंला एवडं कळतं व्हय मानसाला?" ती म्हणाली. तिनं हे कुणाला विचारलं ते मला कळलं नाही.

"तिला कळलं," पप्पा म्हणाले. मग ते उठून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. कोर्टात त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, भेटी कायमच्या बंद नकोत, ती बरी झाली की बघू. आत्या त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या निळ्या ओठांची गोष्ट तिनं माझ्यादेखत कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

मधले महिने कसे गेले ते सांगणं अवघड आहे. मला स्वप्नं पडायची. कधी स्वप्नात ती माझ्यामागं यायची, कधी तिच्यामागं माणसं लागलेली असायची आणि मी ओरडून तिला सांगत असायचे, की न्हाईत ती. दोन्ही स्वप्नांतून मी सारखीच घामेजून उठायचे. तिला काही झालं तर, ती परत आलीच नाही तर, अशी एक नवीनच भीती जुन्या भीतीच्या शेजारी येऊन बसली होती, आणि जुनी काही हललेली नव्हती. कुणाला सांगणार? पोरीनं आईला घाबरावं हेच लोकांना पटत नाही, आणि घाबरत असूनही तिची वाट बघावी हे तर मला स्वतःलाही समजत नव्हतं.

उन्हाळा लागल्यावर भेटी पुन्हा सुरू झाल्या. ती आली तेव्हा अंगानं सुजल्यासारखी झाली होती, चालणं मंदावलं होतं, गोळ्यांनी हातांना सूक्ष्म कंप होता. ती आपल्या भिंतीला बसली. ताई दाराजवळ बसल्या. मग आईनं मला असं काही विचारलं, जे तोवर कुणीही विचारलं नव्हतं.

"सुजे, तुला माजी भीती वाटती?"

मी ताईंकडं बघितलं नाही. "व्हय," म्हणाले.

"लई?"

"लई."

तिनं मान डोलावली. रागावली नाही, रडलीही नाही. "मला बी वाटती," ती म्हणाली. "म्हनून तर गोळ्या घेती. एक बी चुकवत न्हाई. दिगूच्या पुढ्यात गिळती, जीभ दाखवती त्येला, ल्हान पोरावानी." आणि तिनं खरंच जीभ बाहेर काढून दाखवली. मी हसले, ती हसली, ताईंनी चष्मा काढून पुसला.

पुढं ती आणखी काही वेळा आजारी पडली. प्रत्येक वेळी ती स्वतःच आधी सांगायची आणि भेटीला यायची नाही. मी भोरला कॉलेजात असताना सुट्टीत वेल्ह्याला तिच्याकडं राहायला जायला लागले, तेव्हाही पहिल्या रात्री मी दाराजवळ अंथरूण मागितलं आणि तिनंच ते मला घालून दिलं. आमचं नातं लोकांच्या मायलेकींसारखं कधी झालं नाही. पण ते आहे, आणि त्याची सुरुवात कुठली, असं मी स्वतःला विचारते तेव्हा मला त्या उन्हाळ्यातल्या दुपारचं शेवटचं थोडंसं आठवतं.

नियम असा होता, की भेट संपली की मी आधी खाली उतरायचं, आणि आमचा टेम्पो गेल्यावर आईनं. त्या दिवशी मी टेम्पोत बसले तरी पप्पांनी गाडी सुरू केली नाही. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग उतरले, जिन्यापाशी जाऊन उभे राहिले आणि वर ताईंना हाक मारली. आई ताईंचा हात धरून सावकाश खाली आली आणि त्यांना बघून पायरीवरच थांबली. इतक्या वर्षांत ती दोघं एवढ्या जवळ उभी राहिली नव्हती.

"गाडीला येळ हाय का?" पप्पांनी विचारलं.

"हाय जरा."

"ऊन लई हाय. चल, स्टँडवर सोडतो."

आईनं टेम्पोकडं बघितलं. टेम्पोत पुढं एकच लांब सीट होती. चालवणारा आणि त्याच्या शेजारी दोघं, खेटून. मागं कॅन. "सुजीला इचारा," ती म्हणाली.

पप्पा वळले. ताईही माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांची नजर तीच होती, पहिल्या दिवशीची, नको असेल तर नुसतं बघ म्हणणारी. स्टँड काही लांब नव्हतं, पण तेवढा वेळ ती माझ्या अंगाला अंग लावून बसणार होती, तिचे हात माझ्या मांडीशेजारी असणार होते, आणि मधे कॅरमबोर्ड नव्हता. नाही म्हटलं असतं तर कुणीच रागावलं नसतं. तिनं तर नाहीच.

मी पप्पांच्या बाजूला सरकले आणि दाराकडची जागा मोकळी केली.

ती चढली. चढताना तिच्या पदराचं टोक बाहेरच राहिलं, दारात सापडणार होतं. मी वाकून ते आत ओढून घेतलं, आणि पप्पांनी गाडी सुरू केली.